राहून गेलेला चष्मा

२०१२ च्या अखेरीस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनहून एक ममी आली होती. कर्नाकचा पुजारी नेस्पेरेन्नुब. सुमारे २,८०० वर्षांपूर्वीचा! वेष्टन न सोडता यंत्राने आत पाहिले, तर डोक्याला मातीचे भांडे चिकटलेले. राळ सांडू नये म्हणून ठेवले असावे. निघेना, तसेच गुंडाळले. म्हणजे धांदल तिथेही होतीच!

पुढे तलासरीला एका वारली म्हाताऱ्याला पुरताना पाहिले. मुलाने त्याचा ताडी काढायचा कोयता उशाशी ठेवला. कुणी काही विचारले नाही.

डहाणूला वडिलांना अग्नी देऊन परतलो, तेव्हा त्यांचा चष्मा माझ्याच खिशात राहिलेला. चितेवर ठेवायचा म्हणून घेतला होता. सौ. म्हणते, टाकून द्या. मी दर दिवाळीला काचा पुसून पुन्हा कपाटात ठेवतो.