कार्डावरचा ‘सबटोटल’

घरात बाळंतपण असलं की आजी दाराशी येऊन एकच विचारायची, ‘तोंड उघडलं का?’ गर्भाशयाच्या तोंडाबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. माझ्या वेळी सिस्टर बोटांनी तपासून सेंटिमीटर सांगायची, अन् दहाची वाट पाहत मी पलंगाची दांडी धरून ठेवली होती. दुसऱ्या वेळी सिझर झालं.

चाळिशीनंतर गाठींमुळे अंगावरून इतकं जाऊ लागलं की वावरात कापूस वेचायला उभं राहवेना. ऑपरेशन झालं. घरचे म्हणाले, पिशवी काढली, सुटली एकदाची. काही महिन्यांनी कपड्यावर तपकिरी डाग दिसला अन् माझ्या पोटात गोळा आला. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘सबटोटल’. सिझरच्या वणापाशी मूत्राशय पिशवीला चिकटलं होतं. त्याला इजा होऊ नये म्हणून वरचा भाग काढून तोंड तसंच ठेवलं होतं. निर्णय बरोबरच होता. पण मला कोणी सांगितलं नाही, त्याचा राग अजून जात नाही.

अंडाशय शाबूत असले अन् तोंडाच्या वरच्या टोकाला अस्तराचा अंश उरला, तर पाळीच्या सुमारास असा डाग पडू शकतो. तो तपासून घ्यावा. संबंधानंतर किंवा पाळी जाण्याचं वय उलटल्यावर रक्त दिसलं तर थांबूच नये. शिवाय तोंड आहे तोवर त्याच्या कॅन्सरची तपासणीही सुटत नाही. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने टाटा मेमोरियलसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच केलेल्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

आमच्या आंजीत सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे, या तपासणीची चौकशी तिथे करता येते. सरकारी कार्यक्रमात तिशी ते पासष्टीच्या बायांची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे. व्हिनेगरसारखं पातळ औषध तोंडाला लावतात. दोष असलेली जागा मिनिटभरात पांढरी दिसते. पाळी गेल्यावर तपासायची जागा आत सरकते, तेव्हा पेशी पाहणारी पॅप किंवा एचपीव्ही तपासणी बरी.

शेजारची म्हणाली, ‘माही तं पिशवीच काढली, माह्यं काय तपासाचं आता?’ मी तिला कार्ड आणायला लावलं. ‘टोटल’ होतं, आधीचा रिपोर्टही साफ. तिला ही तपासणी नको. तिच्या जावेच्या कार्डावर मात्र ‘सबटोटल’ निघालं. तिची तारीख आम्ही त्याच दिवशी ठरवली.