आधीची गोष्ट मागून

गेल्या मे महिन्यात नात सुट्टीला आली ती सात पुस्तकांचा गठ्ठा घेऊनच. सी. एस. लुईस या लेखकाच्या नार्निया नावाच्या अद्भुत देशाच्या त्या कादंबऱ्या. ती सातही पुस्तके पलंगावर ओळीने मांडून गालाला हात लावून बसली होती.

"आजोबा, कुठून सुरुवात करू?"

या घरात माझा सल्ला विचारला जाण्याचे प्रसंग आताशा फार थोडे. तेव्हा मी चष्मा पुसून ऐटीत म्हटले, "पहिल्यापासून."

"तीच तर अडचण आहे! पहिले कोणते?"

तिची अडचण खरी होती. लुईसची ही पुस्तके १९५० ते १९५६ या काळात दर वर्षी एक अशी निघाली. १९५०च्या पुस्तकात एक लहान मुलगी कपड्यांच्या कपाटात शिरते आणि पलीकडे बर्फाच्या रानात निघते. तिथे झाडांच्या मधोमध एक रस्त्यावरचा दिवा जळत असतो. तो कुणी लावला, काही कळत नाही. ते कळते १९५५च्या सहाव्या पुस्तकात. त्यात त्या देशाच्या जन्माची, म्हणजे सर्वांत आधीची कथा आहे. म्हणून आता संचावर त्या सहाव्यालाच '१' हा आकडा छापतात. १९५७ मध्ये एका अमेरिकन मुलाने लुईसलाच याबद्दल पत्र लिहिले होते. मुलाचे म्हणणे, घटनांच्या क्रमाने वाचावे. त्याच्या आईचे म्हणणे, पुस्तके निघाली त्या क्रमाने. लुईसने कौल दिला मुलाच्या बाजूने, आणि वर असेही लिहिले की क्रमाला फारसे महत्त्व नसावे.

ही सारी हकीकत नातीला पाठ होती. मी मात्र गप्प झालो. कारण हाच प्रश्न लहानपणी कोयनानगरला माझ्यापुढे आला होता, आणि तेव्हा मी चुकलो होतो.

माझे वडील कोयना प्रकल्पाच्या भांडारात कारकून होते. वसाहतीत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक फिटर राहत. ते मिर्झापूरकडचे. तिकडचे रिहंद धरण १९६२ मध्ये पुरे झाले, तेव्हा ते कामाच्या मागे इकडे आले. एकटेच होते. आम्ही सारी मुले त्यांना चाचा म्हणायचो. आईचा स्टो बिघडला की चाचा पिन आणि पाना घेऊन हजर. त्यांच्या हसण्याने तर मधली भिंत हादरे.

त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबू देवकीनंदन खत्रींच्या कादंबऱ्या होत्या. १८८८ साली निघालेली 'चंद्रकांता', मग 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग, आणि तळाशी 'भूतनाथ'. आई हिंदीच्या परीक्षांना बसत होती, म्हणून चाचांनी 'चंद्रकांता' तिला दिली. पण फस्त केली मी! नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची चंद्रकांता, मंतरलेली भुयारे, वेष पालटून बेशुद्धीची पूड हुंगवणारे ऐयार... चाचा म्हणत, "ये सब हमारी तरफ़ की बातें हैं." त्यांचे खरे होते. खत्रींनी त्याच मुलखातल्या जंगलांचा ठेका घेतला होता, आणि तिथले पडके किल्ले त्यांच्या गोष्टींत उतरले आहेत.

चाचा 'संतति'चा एकेक भाग हातावर ठेवीत. 'भूतनाथ' मात्र देत नसत. हा भूतनाथ 'संतति'तलाच एक ऐयार. जुन्या गोष्टी कुणी काढल्या की त्याचा चेहरा पांढराफटक पडतो. त्याने पूर्वी काय केले, हेच 'भूतनाथ' या पुढच्या कादंबरीत आहे. खत्रींनी तिचे सहा भाग लिहिले. १९१३ मध्ये ते वारले, आणि उरलेली कथा त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली.

"ती गोष्ट तर आधीची आहे ना? मग आधी का नाही वाचायची?" मी वाद घाली.

चाचा म्हणत, "पहले जान-पहचान तो हो जाने दो, बेटा."

१९६७च्या पावसाळ्यात शाळेला सुट्टी मिळाली, चाचा कामावर होते, आणि ट्रंकेला कुलूप नव्हते. तळातली ती पुस्तके मी चोरून वाचली. मग 'संतति'कडे परतलो, तर सगळी चवच गेलेली! भूतनाथ घाबरला की इतरांना कोडे पडे. मी मात्र गुन्ह्याचे कागद पुढ्यात घेऊन बसलेल्या फौजदारासारखा. ओळख होण्याआधीच मी त्याचा निकाल लावून टाकला होता.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला, सोमवारी पहाटे सव्वाचारच्या पुढे भूकंप झाला. वसाहतीतल्या दगडी भिंती बघता बघता बसल्या. त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. वडिलांनी आम्हाला अंधारातून बाहेर ओढले. चाचा दिवस वर येईपर्यंत हातांनी दगड उपसत होते. ट्रंक ढिगाऱ्याखालीच राहिली.

रात्री आम्ही उघड्यावर शेकोटीभोवती बसलो होतो. जमीन अधूनमधून थरथरत होती. आईने सहज विचारले, "चाचा, गावाकडे तार केलीत का?"

ते बराच वेळ निखाऱ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, गाव नाही. ते रिहंदच्या पाण्याखाली गेले. ज्या धरणावर त्यांनी मजुरी केली, त्याच धरणाच्या पाण्याखाली.

पाच वर्षे भिंतीला भिंत लावून राहूनही आम्हाला हे ठाऊक नव्हते. पुढे मला वाटू लागले, नव्हते तेच बरे. पहिल्या दिवशी कळले असते, तर ते आमच्यासाठी जन्मभर 'बिचारे' झाले असते. आधी आम्ही हसणाऱ्या चाचांना ओळखले. म्हणून त्यांचे दुःख परक्याचे वाटले नाही. आईने पदर डोळ्यांना लावला, तो आपल्या माणसासाठी.

मलाही राहवेना. चोरी कबूल केली. चाचा त्या रात्री एकदाच हसले. "पन्ना मोड़ने की तुम्हारी आदत मैं नहीं जानता क्या?"

पुढे वडिलांची बदली झाली. चाचा पुन्हा भेटले नाहीत. १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'चंद्रकांता' मालिका आली, तेव्हा मी सारे भाग विकत आणून योग्य क्रमाने वाचले. पण भूतनाथाची ती पहिली भेट काही परत मिळाली नाही.

नातीला मी हे सांगितले. ती वकिली बाण्याने म्हणाली, "पण खुद्द लुईसच उलटे म्हणतो!"

"त्याच पत्रात तो असेही म्हणतो की पहिले पुस्तक लिहिताना पुढची होतील हे त्यालाच माहीत नव्हते. म्हणजे त्याची स्वतःची त्या देशाशी ओळख झाली ती १९५०च्या पुस्तकापासूनच."

तिने थोडा विचार केला आणि कपाटाचे पुस्तक उचलले. रात्री माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारू लागली, "आजोबा, बर्फात तो दिवा कुणी लावला असेल हो?"

"आत्ता नाही. आधी ओळख होऊ दे."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

मी घाईघाईने वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

"तरीच!" ती म्हणाली. "सहाव्या पुस्तकातले पान कुणी मुडपले, हेच मी दुपारपासून शोधत होते."