ओली वाळू, कोरडी हवा

प्रल्हाद अनंत धोंड (१९०८–२००१) यांच्या समुद्रचित्रांचं कौतुक करताना लोक लाटांबद्दल बोलतात. मला त्या चित्रांचा जीव ओल्या वाळूत दिसतो. लाट मागे सरली की वाळूवर पाण्याचा पातळ थर क्षणभर राहतो, त्यात आभाळ उतरतं आणि विरतं. जलरंगात हे साधायचं तर आभाळाचा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ लेप, ओला असतानाच तोच रंग जरा मळवून खाली वाळूवर ओढावा लागतो. होडी, माणसं, त्यांची प्रतिबिंबं कागद अर्धवट सुकल्यावर. थोडं आधी लावलं तर रंग पसरतो, उशीर झाला तर आकार वरून चिकटवल्यासारखा दिसतो. हातात कसब असूनही कित्येकांचे किनारे फसतात ते इथेच. ती नेमकी वेळ हवा ठरवते.

तैलरंगाला ही घाई कशाला, असं कुणी म्हणेल. तो तर दिवसचे दिवस ओला राहतो. पण फ्रेंच चित्रकार युजेन बूदँ (१८२४–१८९८) त्रूव्हीलच्या किनाऱ्यावरची माणसं तैलरंगातच रंगवायचा, आणि तोही घाईत असे, कारण उजेड थांबत नाही. कोवळ्या मोनेला उघड्यावर बसून रंगवायला लावलं ते यानेच. आभाळाच्या अभ्यासचित्रांच्या कडेला तो तारीख, वेळ, वारा लिहून ठेवी. १८५९ मध्ये कवी बोदलेरने याच नोंदींची वाखाणणी केली. १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात बूदँ होता. धोंडांना त्या पंथात बसवायचं की नाही, हा वाद समीक्षकांनी खुशाल घालावा. रंगवणाऱ्याला एवढं पुरे की दोघांनीही हवा हाच विषय मानला. झटपट काम उथळ असतं, हा आक्षेपही मला पटत नाही. ब्रश झरझर चालतो, कारण काय सोडायचं हे डोळ्याने आधीच ठरवलेलं असतं.

मग समुद्रापासून इतक्या दूर धाराशिवात याचा उपयोग काय? कोकणातल्या दमट हवेत वॉश रेंगाळतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात तो कागदाच्या तळाशी पोचण्याआधीच वर सुकलेला असतो. म्हणून धोंडांच्या चित्राची नक्कल इथे हमखास फसते, पण त्यांची रीत फसत नाही. उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी भिजवावा, बोर्ड जवळजवळ आडवा ठेवावा, काम सकाळीच उरकावं. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात जावं. बोरी नदी भरली की पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात, तुषारांनी हवा दमट होते आणि कागद आपोआप ओला राहतो. भिजलेला काळा बेसाल्ट आभाळाचा उजेड झेलतो, तेव्हा ओल्या वाळूला लागणारा तोच मळकट वॉश तिथे चालतो, फक्त जास्त गडद.

आपल्या शाळांतली मुलं मात्र एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रासाठी अजूनही कॅलेंडरवरचा किनारा गिरवतात: माड, शिडाची होडी, अर्धा सूर्य. यातलं काहीच त्यांच्या स्मरणात असायचं कारण नाही. चित्रकलेच्या शिक्षकांनी येत्या पावसाळ्यात त्यांना एकदा बोरीच्या काठी, सुरक्षित जागी बसवावं आणि चित्रामागे तारीख, वेळ, वारा लिहायला लावावं.