मूर्ती लहान, पण पान्हा फिरेल का?

४ ऑगस्ट २०१३ रोजी जपानच्या तानेगाशिमा बेटावरून सुटलेल्या मालवाहू यानातून किरोबो नावाचा यंत्रमानव आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे गेला. उंची ३४ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम दीड वीत, वजन किलोभर, पायांत लाल बूट, चेहरा चित्रकथेतून उचलल्यासारखा. अंतराळवीर कोइची वाकाता यांच्याशी जपानीत गप्पा मारायच्या, एवढंच त्याचं काम. ते त्याने केलं आणि २०१५ साली तो परत आला. पण त्याची छायाचित्रं पाहून अनेकांच्या मनात भलतंच चित्र रुजलं: असाच एखादा चिमुकला उद्या पान्हा घेऊन स्थानकभर दुरुस्त्या करत हिंडेल. यंत्रमानव हा माझा अभ्यासविषय आहे आणि मला हे चित्र चुकीचं वाटतं. त्याची बुद्धी कमी पडेल असं माझं म्हणणं नाही; ती दर वर्षी वाढतेच आहे. कमी पडेल ते अंग.

जमिनीवर बोल्ट पिळताना आपण पाय रोवतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. आपलं वजन आणि जमिनीचं घर्षण मिळून उलटा पीळ जिरवून टाकतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या स्थानकात ही सोय नाही. बोल्टला जेवढा पीळ उजवीकडे द्याल तेवढाच तुम्हाला डावीकडे बसतो, आणि बोल्ट घट्ट असला तर तो जागचा हलत नाही, तुम्हीच गरगरता. आता आकार लहान करून पाहा. १७० सेंटिमीटरच्या माणसाचा बरोबर एक पंचमांश केला की किरोबोची उंची मिळते. पण उंची पाचपट घटली की वस्तुमान १२५ पटींनी घटतं, आणि फिरवलं जाण्याला शरीर जो विरोध करतं तो तब्बल ३,१२५ पटींनी. म्हणजे ज्या पिळाने माणूस संथपणे कलंडेल, त्याच पिळाने हा दीड वितीचा कारागीर भोवऱ्यासारखा फिरेल. पंख्यांच्या झोताने स्वतःला सावरावं म्हटलं, तर एवढ्याशा अंगात मावणाऱ्या पंख्याचा रेटा फुंकरीहून फार मोठा नसतो.

ही अडचण खुद्द माणसांनाही जड गेली आहे. जून १९६६ मध्ये जेमिनी-९ यानाबाहेर पडलेले यूजीन सर्नन धड आधार नसल्यामुळे इतके दमले, की त्यांच्या शिरस्त्राणाची काच आतून धुक्याने भरून गेली आणि काम अर्धवट सोडून परतावं लागलं. माणूस धडधाकट होता, तरबेज होता. नव्हत्या त्या फक्त पाय अडकवायला खाचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ वर बझ ऑल्ड्रिन यांच्यासाठी पाय रोवायला खोबणी आणि धरायला दांडे बसवले होते, शिवाय त्यांनी पाण्याखाली सराव केला होता. त्यांनी बोल्ट फिरवले, जोडण्या लावल्या आणि शांतपणे आत आले. अवघ्या पाच महिन्यांत माणसाचे स्नायू बदलले नव्हते. आजही स्थानकात राहून आलेल्यांच्या तळव्यांची कातडी मऊ पडलेली असते आणि घट्टे पडतात ते पावलांच्या वरच्या बाजूला, कारण काम करताना बोटं दांड्याखाली खुपसून अंग स्थिर ठेवायचं असतं. अंतराळातल्या पायाचा उपयोग चालण्यासाठी नाही, अडकवून घेण्यासाठी आहे. यंत्राच्या बाबतीत पहिला प्रश्न म्हणूनच हाच विचारावा: ते कशाला धरून राहणार?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की स्थानक माणसाच्या हातांसाठी बांधलं आहे, तेव्हा यंत्रही माणसासारखंच हवं. यातला निम्मा भाग मला मान्य आहे. नासा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून केलेला रोबोनॉट-२ फेब्रुवारी २०११ मध्ये स्थानकावर पोहोचला, आणि त्याचे हात खरोखर कौतुकाचे होते. हवेच्या झरोक्यासमोर मापक धरून प्रवाहाचा वेग मोजण्याचं कंटाळवाणं काम त्याने केलं. माणूस हे करताना थोडा हलतोच, शिवाय त्याच्या श्वासानेही आकडा बिघडतो. यंत्राला श्वास नाही. पण हे सगळं तो एका खांबाला पक्का जखडलेला असताना झालं. पुढे २०१४ मध्ये त्याला पाय मिळाले, तेव्हा अभियंत्यांनी त्यांना पावलं दिलीच नाहीत. सात-सात सांध्यांच्या त्या लांबलचक पायांच्या टोकांना दांडे पकडणारे चिमटे बसवले. नंतर विद्युतदोषाने तो गप्प झाला आणि २०१८ साली पृथ्वीवर आणला गेला. हा दोष मानवी आकाराच्या माथी मारणं अन्यायाचं होईल, मी मारत नाही. रशियाच्या फेडरची गोष्ट निराळी. १८० सेंटिमीटरचा हा यंत्रमानव ऑगस्ट २०१९ मध्ये सोयूझमधून गेला, सप्टेंबरमध्ये परतला, आणि त्यानंतर ज्यांनी तो घडवला त्यांच्याचकडून कबुली आली, की त्याचे लांब पाय अंतराळातल्या कामाला निरुपयोगी आहेत. हात माणसाचे हवेत हे ठीक. हातांबरोबर उरलेला माणूसही हवा, हे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: लहान यंत्र सांदीकोपऱ्यात शिरेल, आणि तिथे दोन्ही भिंतींचा टेकू मिळेलच की. बरोबर. एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने पान्हा फिरवता येईल, हेही बरोबर. पण मग अडचण मोटरची येते. तिची पीळ देण्याची ताकद साधारण आकारमानाच्या हिशेबाने घटते, म्हणजे पुन्हा ते १२५ समोर उभे. आणि सांदीत शिरायचं तर खांदे, डोकं, कोपर यांची अडगळ कशाला? तिथे गांडुळाचा आकार माणसापेक्षा सरस. शिवाय स्थानकावरची फ्रीजएवढी कपाटं भिंतीपासून पुढे कलंडतात. मागची जागा मोकळी करण्याचा प्रश्न रचनाकारांनी तिथेच सोडवून ठेवला आहे.

लहान यंत्रांना काम नाही असं मात्र नाही. २०१९ मध्ये गेलेले बम्बल, हनी आणि क्वीन हे तीन ॲस्ट्रोबी ३२ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे आहेत. ना तोंड, ना पाय. पंख्यांनी हवा फेकत ते तरंगतात, भिंतींची छायाचित्रं पाहून आपण कुठे आहोत ते ओळखतात, चार्जिंगला आपले आपण जाऊन बसतात. त्यांच्या अंगातून दोन सांध्यांचा एकच हात निघतो, आणि तो प्रामुख्याने कशासाठी, तर दांडा धरून थांबण्यासाठी. पाहणी, मोजणी, चित्रण ही लहान यंत्रांची खरी कामं. घट्ट बोल्ट खोलायला मोठं आणि नीट जखडलेलं यंत्रच लागतं. बाहेर कॅनडाचा डेक्स्टर २००८ पासून तेच करतो आहे.

राहता राहिला माणसासारख्या चेहऱ्याचा प्रश्न. महिनोन्‌महिने घरापासून दूर असलेल्याला बोलकं यंत्र सोबत वाटू शकतं, आणि त्यासाठी किरोबोचे लाल बूट मला चालतील. इस्रोच्या व्योममित्राचंही मानवी रूप सार्थ आहे, कारण ती गगनयानाच्या मानवरहित उड्डाणात माणसाच्या आसनावर बसून माणसाची जागा घेणार आहे. तिथे मानवी आकार हेच मोजमाप. तरीही २०२० साली बंगळुरूत ती दाखवली गेली तेव्हा तिला पाय नव्हते, हे ध्यानात घ्यावं. भारताचं स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभारायचं उद्दिष्ट आहे. त्याच्या यंत्रमानवाचा चेहरा कसा असावा यावर चर्चा रंगेल. त्याआधी दांड्यांची जाडी किती, दोन दांड्यांमधलं अंतर किती, आणि प्रत्येक मोठ्या बोल्टशेजारी चिमट्याला धरायला कडी आहे की नाही, हे आराखड्यातच ठरवून घ्यावं. आज ती कडी म्हणजे कागदावरची एक रेघ आहे. भिंत कक्षेत गेल्यावर तीच बाहेरच्या बाजूला बसवायला कुणाला तरी अंतराळपोशाख चढवून बाहेर पडावं लागेल, आणि त्यालाही आधी पाय अडकवायला जागा शोधावी लागेल.