चिंचोक्यांची चळत

पत्ते खेळणारा माणूस आपल्या हातातली पाने पाहून खेळतो, असा एक गोड समज आहे. ज्याला लवकर उठायचे नसेल त्याने पानांच्या आधी इतरांच्या चळती पाहाव्यात.

पाडव्याच्या तिथीला पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले म्हणतात. तेव्हा आमच्या खडवलीच्या घरातल्या तीन पत्तीला शास्त्राधार भक्कम आहे. पैशांऐवजी चिंचोके, म्हणून कायद्याचीही भीती नाही. आजवर आमचा नियम असा, की चाल पुरी करायला ऐपत नसेल तर पाने टाकायची. म्हणजे हातात तीन एक्के असोत, खिसा मोठा असलेला जिंकणार! जमिनीचे सौदे याच नियमाने होतात. दलाल चार वर्षे थांबू शकतो. ज्याच्या मुलीचे लग्न वैशाखात आहे तो थांबू शकत नाही.

गेल्या पाडव्याला भाच्याने गोव्याहून पोकरच्या स्पर्धेचे नियम आणले. मांडवीतल्या जुगाराच्या बोटींवर तो पाहून आला होता. प्रत्येकाला सारखे चिंचोके. संपले की उठायचे. बूट दर अर्ध्या तासाने दुप्पट. शिवाय उरलेसुरले सगळे एकदम लावता येते, आणि समोरच्याने तेवढ्यापुरतीच बरोबरी करायची. त्याच्याजवळ शंभर असोत, तुमच्याजवळ दहा, तर तुम्हा दोघांत खेळ दहाचाच. गरिबाला एवढा न्याय देणारा नियम मी व्यवहारात क्वचितच पाहिला आहे. लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत 1982 साली जॅक स्ट्रॉस शेवटच्या एका चकतीवरून वर येऊन जिंकला, ही कथाही भाच्याने रंगवून सांगितली.

पाच जण 40-40 चिंचोके घेऊन बसलो. दोघे उठले. भाच्यापुढे 128, माझ्यापुढे 60, आत्याबाईंपुढे 12. बूट चारावर गेलेला, म्हणजे आत्याबाईंचे आयुष्य तीन डावांचे. पहिल्याला चिवड्याचा डबा, दुसऱ्याला अनारसे, तिसऱ्याने भांडी घासायची.

मला राजांची जोडी आली. भाच्याने माझ्याकडे पाहून साठांची चाल केली. एरवी मी त्याला सोडला नसता. पण हरलो तर आत्याबाईंच्याही आधी मी मोरीत! थोडे थांबलो तर अनारसे जवळजवळ माझेच. मी पाने ठेवली. तेच योग्य होते, आणि ते भाच्यालाही ठाऊक होते. मोठी चळत भिववते ती मधल्यालाच. तळाच्याला गमावण्यासारखे काही उरलेले नसते, मधल्याला बरेच असते.

आत्याबाईंनी पाने न पाहताच बाराच्या बारा पुढे सारले. भाच्याला बाराचे काय! त्याने हसत दाखवा म्हटले. आत्याबाईंकडे चौकटचा रंग निघाला, त्याच्याकडे काहीच नव्हते. माझ्या बुटासकट 28 चिंचोके त्यांनी पदरात ओढले.

पुढची पाने वाटली गेली. आत्याबाईंनी ती उचललीच नाहीत. चष्मा नाकावर सारून त्या माझे चिंचोके मोजू लागल्या.