भीमरूपीभर उजेड

१९८४ च्या पावसाळ्यानंतर आम्ही वाशीला सिडकोच्या दोन खोल्यांत राहावयास आलो, आणि त्याच वर्षी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोर्टातल्या एका दुकानातून जुना यशिकामॅट कॅमेरा विकत आणला. मंत्रालयात दिवसभर परक्यांचे अर्ज नि टिपणे पुढे सरकवणाऱ्या त्या मितभाषी गृहस्थाला हे व्यसन कशाने जडले, याचा उलगडा आईला अखेरपर्यंत झाला नाही. मानखुर्दला उतरून, ७३ साली झालेल्या पुलावरची बस पकडून ते घरी पोहोचत तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असत, त्यामुळे रात्रीचे फोटो काढणे हा छंदापेक्षा नाइलाजच अधिक होता.

या यंत्राला दोन भिंगे असतात, खालचे टिपण्याचे आणि वरचे पाहण्याचे. कॅमेरा तिवईवर ठेवून वरच्या काचेत वाकून पाहावयाचे. तेथे डावे-उजवे उलटे होई आणि खाडीवरचा पूल नको त्या बाजूला जाऊन बसे. एकभिंगी कॅमेऱ्यात कळ दाबताच आरसा वर जातो आणि पाहणाऱ्यापुढे काळोख पसरतो. नानांच्या काचेत मात्र, खालून उजेड फिल्मवर उतरत असतानाही, दृश्य तसेच दिसत राही.

खूण 'बी'वर आणून केबलची कळ दाबून धरली की झडप उघडी राही. किती वेळ, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. पॅरिसच्या रात्री टिपणारा ब्रासाय सिगारेट पेटवी आणि ती संपेपर्यंत झडप उघडी ठेवी, असे मी पुढे वाचले. नाना निर्व्यसनी, ते मनातल्या मनात भीमरूपी म्हणत. दिव्याखाली अर्धी, मोकळ्या सेक्टरात एक, खाडीकाठी अमावास्येला तीन! उजेड निम्मा झाला तर वेळ नुसता दुप्पट करून भागत नाही, 'फिल्म दमते', असे ते सांगत. कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १९ व्या शतकाच्या अखेरीस ताऱ्यांची छायाचित्रे घेताना हाच नियम गणिताने मांडला होता, हे नानांच्या गावीही नव्हते. एका रोलात बाराच चित्रे. तो महिनाभर पुरे, आणि मग न्हाणीघरात हायपोचा वास दोन दिवस घुटमळत राही.

पहिला रोल धुऊन दोरीवर वाळत घातला तेव्हा मी चकित झालो. त्या काचेत मी स्वतः पाहिलेली माणसे, सायकलवरचा दूधवाला, बसथांब्याकडे धावणारे कुटुंब, यांपैकी कोणीच फिल्मवर नव्हते. जो चालत राहिला तो पुसला गेला होता. उरले होते दिवे, खांब आणि आखून ठेवलेले रिकामे रस्ते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोचे हे नगर ९५ गावांच्या शिवारावर उभे राहत होते आणि अनेक सेक्टरांत माणसांआधी दिवे येऊन पोहोचले होते. दोन दिव्यांच्या रांगांमधला काळा चौकोन म्हणजे कुणाचे तरी भाताचे खाचर होते, हे आमच्या इमारतीत कोणी बोलत नसे. आम्ही आलो त्याच वर्षीच्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी उतरलेले पाच जण गोळीबारात मेले होते, तरीही. १९९२ साली वाशीपर्यंत लोकल आली. आमच्या फिल्मवर ती अख्खी गाडी, प्रवाशांसह, एक पांढरी रेघ झाली.

कॅमेरा आता माझ्याकडे आहे. पाम बीच रस्त्यावरचे सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आले, आणि त्या पिवळेपणाचा दाखला शोधावा म्हणून मी नानांचे दफ्तर उघडले. पण ऑर्वोच्या कृष्णधवल पट्ट्यांत रंग कुठला सापडणार? सापडला तो एक रखवालदार, बांधकामापुढे ताठ उभा.

ती रात्र मला आठवते. कॅमेरा पाहून त्याने टोपी सारखी केली, हात मांड्यांशी आणले आणि सावधान पवित्र्यात उभा राहिला. ज्या इमारतीची तो राखण करी तिच्याखाली त्याच्या चुलत्याची जमीन होती, हे पुढे त्यानेच सांगितले. नानांनी कळ दाबली. अर्ध्या भीमरूपीशी त्याने ओठ फारसे न हलवता विचारले, "झाला का फोटो, साहेब?" स्तोत्र तुटेल म्हणून नाना बोलेनात. तो तसाच उभा राहिला. चित्रात त्याचा चेहरा जरासा पुसट आहे. बूट मात्र लेसच्या गाठींसकट स्पष्ट आहेत.