चित्राचे किती घ्याल?

फोटोवरून तैलचित्र करून देणं हा कोल्हापुरातला जुना व्यवसाय आहे आणि मी तो मनापासून करते. साखर कारखान्याच्या सभागृहात संस्थापकांचं चित्र लागतं, पतसंस्थेच्या नव्या इमारतीत लागतं, तालमीत वस्तादांचं लागतं, आणि अलीकडे घरोघरी आई-वडिलांचंही लागू लागलं आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात चित्रकाराला काम मिळत नाही अशी माझी तक्रार नाही. काम मिळतं. त्याचा भाव ठरवणं आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगणं, हे मात्र आम्हाला कुठल्याच कला महाविद्यालयात कुणी शिकवलेलं नसतं.

‘मॅडम, किती होतील ते सांगा की,’ हा प्रश्न फोनवरच येतो. मी आधी फोटो मागते. चित्राचा भाव त्याच्या आकारावर ठरतो अशी बहुतेकांची समजूत असते. माझ्या कामात तो सगळ्यात जास्त ठरतो फोटोवर.

चांगल्या स्टुडिओत, एका बाजूनं उजेड घेऊन काढलेला फोटो असेल तर चेहऱ्याची घडण त्यातच सापडते. गालाचं हाड कुठे वळतं, डोळ्याची खोबण किती खोल आहे, खालचा ओठ किती पुढे आहे, सगळं दिसतं. पण हातात येतो तो ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा; नाहीतर लग्नाच्या घोळक्यातून मोबाइलवर मोठा केलेला. फ्लॅशनं सगळ्या सावल्या खाल्लेल्या असतात. नाक दिसतं, पण नाकाची बाजू दिसत नाही. २०१९च्या महापुरानंतर पंचगंगेच्या पाण्यात भिजून फुगलेले, एकमेकांना चिकटलेले फोटो घेऊन माणसं आली होती. काहींत डोळ्यांच्या जागी नुसता पांढुरका डाग उरला होता, आणि घरात त्या माणसाचा दुसरा फोटो नव्हता.

अशा वेळी मी मुलाला किंवा भावाला बोलावून खिडकीपाशी बसवते. कान, कपाळाची रुंदी, बोटांची ठेवण घराण्यात उतरलेली असते. त्याच्या चेहऱ्यावर सावली कशी पडते ते टिपून घ्यायचं आणि मग ती वडिलांच्या चेहऱ्यावर आणायची. रंगाची ट्यूब उघडण्याआधीच यात काही दिवस जातात. पुढे घरची माणसं कच्चं चित्र बघायला येतात. अण्णांच्या फेट्याचा शेमला डावीकडं असायचा. चष्म्याची काडी काळी होती. आणि जाता जाता, ‘जरा हसल्यासारखे करा ना.’ नुसती ओठांची टोकं वर ओढून हसू येत नाही. गाल वर सरकतात, खालच्या पापण्या दबतात, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांची दिशा बदलते. एका हसण्यासाठी निम्मा चेहरा पुन्हा रंगवावा लागतो. मी तो रंगवते, कारण ते मागणं खरं असतं. मुलांना वडील तसेच आठवत असतात. पण हे दिवस भावात धरलेले नसतील तर ते माझ्या झोपेतून किंवा पुढच्या माणसाच्या चित्रातून कापले जातात. मला न्याय्य भावाची एकच कसोटी पटते: त्या रकमेत हा चेहरा घाई न करता पुरा होतो का?

पाट्या आणि भिंती रंगवणारे पेंटर चौरस फुटावर दर सांगतात आणि त्यांच्या कामाला ते बरोबर आहे. चेहऱ्याला ते माप लागू पडत नाही. लहान कॅनव्हासवरचा चेहरा मोठ्यापेक्षा स्वस्तात होत नाही, उलट ब्रश बारीक होतो आणि वेळ वाढतो. जुने व्यक्तिचित्रकार म्हणून वेगळं माप लावत. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोशुआ रेनॉल्ड्सचे दर ठरलेले असत: १७६४च्या सुमाराला नुसत्या चेहऱ्याचे ३० गिनी, अर्ध्या अंगाचे ७०, पूर्ण उभ्या चित्राचे १५०. निम्मी रक्कम पहिल्या बैठकीलाच. माझं दरपत्रकही याच धर्तीचं आहे. चेहरा आणि खांदे, हातांसह अर्धं अंग, पूर्ण आकृती. हातांचे पैसे वेगळे, कारण हात चेहऱ्याइतकेच अवघड असतात आणि तेवढेच बोलतात.

दिवसाचा दर कसा काढायचा हे नवी मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना कागद घ्यायला लावते. समजा घर, स्टुडिओचं भाडं, वीज, विमा आणि आजारपण धरून वर्षाला ६ लाख लागतात. वर्षात चित्रासमोर बसायचे दिवस किती? ३०० कुणाचेच नसतात. कॅनव्हास ताणणं, प्रायमर लावून घासणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, बिलं करणं, रंग आणायला जाणं, स्वतःसाठी सराव करणं, हे सगळं वजा केलं तर १५० उरले तरी पुष्कळ. म्हणजे दिवसाचे ४,००० रुपये. आठ दिवसांच्या चित्राचे ३२,००० आणि रंग, कॅनव्हास, फ्रेम यांचा खर्च वेगळा. आकडा बघून मुलं दचकतात. एवढे कोण देणार, असं म्हणतात. कुणी दिले नाहीत तर काम लहान करावं, पण दिवसाचा दर तोच ठेवावा, असं मी सांगते.

मी स्वतः हेच करते. एखादी बाई आईचा फोटो घेऊन येते आणि तैलचित्राची रक्कम तिला झेपत नाही. तेच चित्र निम्म्या पैशांत करते असं मी कबूल करत नाही. मी तिला कोळशातलं व्यक्तिचित्र दाखवते. तीन दिवसांचं काम, कागदावरचं, काचेत लावलेलं. ते कुठल्याही अर्थानं दुय्यम चित्र नाही. समोरच्याच्या दारात गाडी कोणती आहे हे बघून मात्र मी आकडा बदलत नाही. कारखान्याला जो दर तोच शिक्षकाला. ज्यांना कमी घ्यावंसं वाटतं त्यांना मी चित्र भेट देते, पूर्ण भेट. अर्धवट सवलतीत दोघांच्याही मनात काहीतरी राहून जातं.

संस्थांच्या कामात तीन दरपत्रकांची पद्धत आहे. सर्वात कमी दराला काम. सिमेंट आणि लोखंड घेताना ती योग्य असेल, कारण माल एकच असतो. एकाच माणसाचं व्यक्तिचित्र तीन चित्रकार तीन वेगळ्या चेहऱ्यांचं करतील. आणि कित्येकदा ती दोन जादा दरपत्रकंसुद्धा चित्रकारालाच आणायला सांगतात, ‘तुमच्या ओळखीतल्या कुणाची तरी लेटरहेडं द्या’ म्हणून. मी ती देत नाही. माझी आधीची चित्रं जाऊन बघा आणि मग ठरवा, एवढंच सांगते. या उत्तरानं काही कामं जातात. जाऊ देते.

ठरलेलं सगळं कागदावर असावं याबद्दल मी फार आग्रही आहे. फ्लॉरेन्समधल्या अनाथालयासाठी दोमेनिको गिर्लांदायोनं १४८५ साली ज्या वेदीचित्राचा करार केला तो उपलब्ध आहे. रक्कम ११५ फ्लोरिन, दरमहा ३ फ्लोरिनच्या हप्त्यानं. मुदत ३० महिने. चित्र कागदावर दाखवलेल्या रेखाटनाप्रमाणे. निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचा, म्हणजे अस्सल अल्ट्रामरीन. एवढ्या स्पष्टपणे लिहून देणारा माणूस कलावंत म्हणून उणा ठरला नाही. माझ्या कागदावर चारच गोष्टी असतात: आकार आणि माध्यम, विसार म्हणून निम्मी रक्कम, कच्च्या चित्रानंतर दोनदा बदल, आणि चित्राचा उपयोग.

या शेवटच्या मुद्द्याकडे आमचे बहुतेक चित्रकार बघतच नाहीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र करवून घेतलं तर, वेगळा करार नसल्यास, त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक करवून घेणारा ठरतो. घरच्या चित्राच्या बाबतीत मला ते मान्य आहे. आईचा चेहरा मुलांचाच असावा. पण संस्थेच्या भिंतीसाठी केलेलं चित्र पुढे दिनदर्शिकेवर येतं, डायरीवर येतं, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर येतं. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हा मूळ चित्राची कमाई वेगळी आणि छापील प्रतींची वेगळी, हे या देशानं बघितलं आहे. म्हणून संस्थेच्या करारात मी एक ओळ घालते: कॉपीराइट चित्रकाराकडे, ही रक्कम भिंतीवर लावण्यापुरती, छपाईसाठी स्वतंत्र बोलणी. ती ओळ वाचून कुणी रागावलेलं मला आठवत नाही. पुष्कळांना तो प्रश्नच नवा असतो. शिवाय कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी चित्र माझं आहे हे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे राहतो.

पैसे थकण्याबद्दल फार लिहीत नाही. उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागू होतं. बिलाच्या तळाशी हे छापलेलं असावं.

यापेक्षा मोठी अडचण आमची आम्हीच करून ठेवली आहे. आम्ही एकमेकांच्या प्रदर्शनाला जातो, रंगांवर तासन्‌तास बोलतो, पण आपण काय घेतो ते कुणी कुणाला सांगत नाही. त्यामुळे गावातल्या सगळ्या चित्रकारांचे दर ठाऊक असलेला माणूस एकच उरतो, आणि तो म्हणजे गिऱ्हाईक. नुकतंच शिकून बाहेर पडलेलं पोर मग अंदाजानं आकडा सांगतं, तो रंगाच्या खर्चाएवढाच असतो, आणि वर्षभरात ते पोर दुसरी नोकरी शोधतं. त्यातली काही मुलं माझ्यापेक्षा चांगला हात असलेली होती.

माझं दरपत्रक स्टुडिओच्या दारावर लावलेलं आहे. व्यवसायातल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: येऊन वाचा, पटलं नाही तर भांडा, आणि तुमचेही दर असेच उघड लावा.